फ्रीजला मुक्काम देणारे कंट्रोलर

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. गिझर सहा वाजून पाच मिनिटांनी सुटेल. वरच्या मजल्यावरील प्रवाशांनी बादल्या घेऊन तयार राहावे."

भोरमधल्या त्या घरातली माझी पहिली सकाळ या आवाजानं उजाडली. मी दचकून उठले. मला वाटलं, आपल्याला खोली मिळालेलीच नाही, आपण स्टँडवरच झोपलोय. शेजारी नवरा घोरत होता म्हणून जिवात जीव आला. मग खालून दुसरा आवाज आला, बाईमाणसाचा. "अवो, रिटायर झाला तुमी! झोपू द्या की त्या नव्या पोरीला!"

ते आमचे घरमालक, आणि त्यांना ओरडणाऱ्या त्या काकू. काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना कंट्रोलर म्हणायचे. त्यांचं खरं नाव फक्त लाईटबिलावर होतं, आणि ते लाईटबिल ते इतक्या वेळा वाचायचे की त्यांना स्वतःला तरी ते नाव विसरणं शक्य नव्हतं.

आम्ही हिंगोलीकडचे. नवऱ्याला शिरवळच्या कंपनीत काम लागलं म्हणून इकडं आलो. मी सातवीत शाळा सोडलेली, शिलाई तेवढी येते. आधी तीन घरं बघितली. तिन्ही ठिकाणी एकच उत्तर, ओळख ना पाळख, लांबची माणसं, नको. काकांनी मात्र एकच प्रश्न विचारला. "हिंगोलीवरनं कुठल्या गाडीनं आला?"

नवऱ्यानं सांगितलं. कुठं बदलली, कुठं किती वेळ बसलो, सगळं. काकांनी डोळे मिटून ऐकलं, जसं एखाद्यानं गाणं ऐकावं. मग म्हणाले, "एवढा प्रवास करून आलेल्या माणसाला परत लावायचं न्हाई." आणि किल्ली दिली.

ही किल्ली मी कधी विसरले नाही. पण खरं सांगते, त्या उपकाराची मला भीतीच जास्त वाटायची. कुणी एवढं दिलेलं काढूनही घेऊ शकतं, असं सारखं मनात यायचं. मी जिना रोज दोनदा झाडायची. नळ अर्धाच सोडायची. भांडं पडलं तर ते वाजायच्या आधी पकडायला बघायची. काका दिसले की पदर सावरून भिंतीला लागून उभी राहायची. काका माझ्याकडं बघून मान हलवायचे आणि म्हणायचे, "हिंगोली, वाट मोकळी ठेवा."

हो, हिंगोली. ते माणसांना गावाच्या नावानंच हाक मारायचे. पस्तीस वर्षं त्यांच्या खिडकीसमोर माणूस उभा राहिला की त्याचं गावच तेवढं कामाचं असायचं. काकूंचं माहेर उत्रोली, भोरपासून हाकेच्या अंतरावर. म्हणून काकू म्हणजे उत्रोली.

"लग्नाला चाळीस वर्षं झाली," काकू मला सांगायच्या, "एकदा नावानं हाक मारली न्हाई. उत्रोली, चहा. उत्रोली, टावेल. मी म्हणते, त्या गावात पाचशे घरं हाईत, समदीच आली चहा घेऊन तर?"

काकांचा सगळा राग एका गोष्टीवर होता. उभ्या गाडीचं इंजिन. नोकरीत असताना म्हणे ते शिट्टी घेऊन फलाटावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं चालत जायचे, आणि ज्या ड्रायव्हरनं गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलंय त्याच्या दाराशी थांबायचे. नुसते घड्याळाकडं बघत उभे राहायचे, इंजिन बंद होईपर्यंत. रिटायर झाल्यावर फलाट गेला, शिट्टी गेली, पण राग कुठं जाणार? तो घरात आला. चार्जर भिंतीत राहिला, इंजिन चालू. माणूस बाहेर आणि पंखा आत, इंजिन चालू. काकू म्हणायच्या, पहिलं एक वर्ष मी घरात अंधारातच वावरले.

अशात त्यांच्या जावयानं दिवाळीला एक स्मार्ट प्लग आणून दिला. पांढरी डबी, मुठीएवढी. ती भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावायची, तिच्यात आपल्या वस्तूची पिन लावायची, आणि मग मोबाईलवरून ती वस्तू चालू-बंद करायची. वेळ ठरवून दिली की आपोआप होतं. वर आणि मोबाईलवर दिसतं, कोण किती वीज खातंय.

जावयाला वाटलं असेल, सासरेबुवा आठ दिवस खेळतील. सासरेबुवांना त्यात सबंध डेपो दिसला.

पहिल्या रात्री त्यांनी तो प्लग टीव्हीच्या डब्याला लावला आणि टीव्ही बंद करून मोबाईल बघत बसले. टीव्ही बंद, पण डबा वीज खातोय. थोडी थोडी, पण खातोय. काकूंनी मला तो प्रसंग इतक्या वेळा करून दाखवला आहे की मी तिथं होते असंच वाटतं. काका उठून उभे राहिले म्हणे. "उत्रोली! धा वर्षं! धा वर्षं ही गाडी उभ्या-उभ्या डिझेल खातीय!"

मग एकाचे सात प्लग झाले. मोबाईलमध्ये प्रत्येकाला नाव द्यायचं असतं. दुसरा कुणी असता तर टीव्ही, मोटार असं लिहिलं असतं. काकांनी गाड्यांच्या पाट्या लावल्या. गिझर म्हणजे वज्रेश्वरी, कारण तिथं गरम पाण्याची कुंडं. पाण्याची मोटार भाटघर, कारण तिथं धरण. टीव्ही पुणे स्टेशन, कारण तिथं गोंगाट. आणि फ्रीज महाबळेश्वर. स्वयंपाकघराच्या दाराशी पत्र्याचा बोर्ड, त्यावर ठळक अक्षरात सुटण्याच्या आणि पोचण्याच्या वेळा. तळाशी लाल रंगात एक ओळ होती. 'वेळापत्रकात परस्पर बदल करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.' ही ओळ काकूंसाठी होती. काकूंनी ती कधी वाचली नाही. मी मात्र दर वेळी वाचायची.

मिक्सरलासुद्धा वेळ होती. काकूंनी एकदा अवेळी चटणी वाटायला घेतली, तर मिक्सर मुका. "अवो, खोबरं घातलंय आत!" काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "पुढची गाडी साडेअकराला." काकूंनी पाटा-वरवंटा काढला आणि तो काकांच्या खुर्चीच्या बरोबर मागं ठेवून पाऊण तास चटणी वाटली. दुसऱ्या दिवशी मिक्सर बोर्डावरून गेला.

एकदा तर त्यांनी कहरच केला. वायफायची डबी रात्रंदिवस चालू असते हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे इंजिन चालूच की! त्यांनी तिलाही प्लग लावला आणि रात्री मोठ्या ऐटीत मोबाईलवरून बंद केली. सकाळी चालू करायला गेले, तर मोबाईल कुणाशीच बोलेना. बोलणार कसा? ज्या वायफायवरून हुकूम जायचा तेच त्यांनी झोपवलं होतं. काका चारदा मोबाईल बंद-चालू करून बसले. शेवटी काकूंनी पदर खोचला, भिंतीपाशी गेल्या आणि प्लगचं बटण बोटानं दाबलं. सगळं चालू झालं.

"स्टँडलाच कुलूप लावलं व्हय, कंट्रोलर?" काकू म्हणाल्या. आठवडाभर गल्लीत हेच चाललं होतं.

माझ्या शिलाईमशीनलाही मोटार होती. तिचं मीटर घरातलंच, म्हणून तिलाही प्लग लागला. मशीनचं नाव शिरवळ, नवरा तिथं कामाला म्हणून. मी जेवायला उठले आणि मशीनचा दिवा तसाच राहिला की खालून आवाज यायचा, "हिंगोली! शिरवळ उभी हाय, दिवा चालू हाय!" घास हातात घेऊन मी धावायची. नवरा हसायचा. मला हसू यायचं नाही. मला वाटायचं, आज तिसऱ्यांदा सांगितलं, चौथ्यांदा किल्ली मागतील.

आणि तरीही एक सांगायला पाहिजे. मोबाईलमधली इंग्रजी अक्षरं मला कुणी शिकवली असतील तर काकांनी. त्यांनी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात ऑन आणि ऑफ लिहून दिलं, माझ्या मशीनजवळ टांगलं. "सातवी शिकलेला ड्रायव्हर मी सातारा रोडला गाडी चालवताना बघितलाय," म्हणाले. "तुमाला दोन शब्द येत न्हाईत व्हय?" चुकलं तर ओरडायचे. बरोबर आलं तर संध्याकाळी काकूंच्या हातून वर भजी यायची.

आता फ्रीज. फ्रीज ही त्यांच्या मते लांब पल्ल्याची गाडी. चोवीस तास पळते. "ड्रायव्हरला विश्रांती लागते, तशी हिला पण मुक्काम पायजे," असं म्हणून त्यांनी तिला दुपारी बारा ते चार असा मुक्काम दिला. काकूंनी आकांत केला. दूध नासेल, भाजी सडेल. काकांचं उत्तर ठरलेलं होतं, दार उघडू नका, आत थंडच राहतं. तसं ते राहायचंही, हिवाळ्यात. चैत्रात एकदा दुधाला वास आला. काका म्हणाले, वास तुमच्या मनात हाय. आणि सिद्ध करायला पेलाभर घटाघट प्याले.

त्या दिवशी त्यांनी परसाकडं सात फेऱ्या केल्या. काकू ओट्यापाशी उभ्या राहून मोजत होत्या. "आता लागलं खरं वेळापत्रक," म्हणाल्या.

तरी मुक्काम काही उठला नाही. आणि त्याच मुक्कामानं मला जन्माचा घाम फोडला.

मे महिन्याच्या शेवटी काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, पुण्याला, लेकीकडं राहून. काकूही बरोबर जाणार. जायच्या आधी काकांनी मला खाली बोलावलं. टेबलावर घराची किल्ली, जुना मोबाईल, आणि एक वही.

"हिंगोली, चार दिवस चार्ज तुमच्याकडं. सगळं आपोआप होतंय, तुमी फकस्त बघायचं. वेळापत्रकात हात घालायचा न्हाई. काय पण झालं तरी."

"बरं," मी म्हणाले.

"दार उघडून बघू नको गं उगाच," काकू जाता जाता कानात म्हणाल्या, "पण माझं दही तेवढं खाऊन टाक, ह्यांच्या मुक्कामात मरंल ते."

शनिवारी सकाळी दारात एक म्हातारे गृहस्थ. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात थर्माकोलचा डबा दोरीनं बांधलेला. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात, धनगरवाड्यावरचे मामा. काकांची आणि त्यांची स्टँडवरची ओळख.

"कंट्रोलर न्हाईत? पुण्याला? बरं बरं. मग तुमी ठेवा, बाई. शेरडांची लस हाय. आमच्याकडं लाईट आली तर आली. दरसाल हितंच ठेवतो, कंट्रोलरच्या फ्रीजमदी. सोमवारी टोचणारा माणूस वाड्यावर येणार, म्या सकाळच्या गाडीनं येऊन घेऊन जाईन."

मी डबा घेतला. हातात हलका होता. मामा मात्र सोडायला तयार नव्हते, दोन बोटं त्याच्यावर तशीच ठेवून बोलत राहिले. "मागल्या साली तेवढी लस चुकली, बाई. नवं गवत फुटलं, शेरडांनी खाल्लं, आन आठ दिवसांत अकरा आडवी झाली. सकाळी बरी, सांजच्याला न्हाई. औंदा पासष्ट हाईत. टोचणारा एकदाच वर येतो. थंड राहिली पायजे बगा. गरम झाली की संपली."

त्या दिवशी सकाळी दोन तास लाईट नव्हती. फ्रीज आधीच कोमट झाला होता. मी डबा आत ठेवला, दार लावलं, आणि घड्याळ बघितलं. साडेअकरा.

बारा वाजता टक्क असा आवाज झाला आणि फ्रीज गप्प झाला.

मी बोर्डासमोर जाऊन उभी राहिले. बारा ते चार. खाली लाल ओळ. बाहेर ऊन असं की गल्लीतली कुत्री गटारात बसलेली. मी काकांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. लेकीचा नंबर माझ्याकडं नव्हता. नवरा कंपनीत, तिथं फोन आत नेऊ देत नाहीत.

मग जुना मोबाईल उघडला. नावं मराठीत होती, ऑन-ऑफ मला येत होतं. घामेजलेल्या बोटानं मी महाबळेश्वर दाबायला गेले आणि लागलं भाटघर. मोटार सुरू झाली. टाकी सकाळीच भरलेली. दोन मिनिटांत गच्चीवरून पाण्याची धार गल्लीत. समोरचे बनियनवर बाहेर आले. "अहो, काय धरण फुटलं का काय?" मी कशीबशी मोटार बंद केली आणि मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. परत हात लावायची छाती झाली नाही.

त्यानंतर मी काय केलं? काही नाही. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिले. फ्रीजकडं बघायची, बोर्डाकडं बघायची. मनात पासष्ट शेरडं आणि एक किल्ली. एकदा वाटायचं, हात घालावा. मग वाटायचं, 'काय पण झालं तरी' म्हणालेत. उद्या म्हणाले, तुला एक काम सांगितलं होतं बाई, तर कुठं जायचं?

सव्वा वाजता फ्रीजच्या खालून पाण्याचा ओघळ आला. बर्फ सुटायला लागला होता. तो ओघळ माझ्या पायापर्यंत आला आणि मी उठले. फ्रीज दोन्ही हातांनी पुढं ओढला, मागं हात घालून ती पांढरी डबी उपटली, आणि फ्रीजची पिन सरळ भिंतीत घातली. फ्रीज घुर्र झाला. तसा आवाज मी परत कधी ऐकला नाही, जसं कुणी झोपेतून उठून खाकरावं. वरच्या खणात होता नव्हता तेवढा बर्फ खरवडून लसीच्या बाटल्यांभोवती दाबला. आणि मग वर जाऊन दोन बोचकी बांधून ठेवली.

नवरा रात्री आला. बोचकी बघितली. "अगं, ते काय म्हणाले का अजून?"

"नाही. पण म्हणतील."

"मग म्हटल्यावर बांध की," तो म्हणाला आणि बोचक्यातून ताट काढून जेवायला बसला.

रविवारी दुपारी रिक्षा थांबली. डोळ्याला काळा चष्मा, त्याच्या आत पांढरी पट्टी, काका तरातरा आत. मागून काकू. "धूळ जाईल डोळ्यात! डॉक्टरनं आठ दिवस हलू नका म्हटलंय! लेकीनं फोन कपाटात लपवला हुता, चोरासारखा काढून बघितला ह्यांनी!"

"महाबळेश्वर कुठाय?" काका म्हणाले.

मोबाईलवर त्यांना फ्रीजचा प्लग दिसेनासा झाला होता. पस्तीस वर्षांत त्यांच्या फलाटावरून उभी गाडी गायब झाली नव्हती. त्यांना वाटलं, चोरी झाली, नाहीतर आग लागली.

मी सगळं सांगितलं. मामा, लस, बारा वाजता झालेला टक्क, मोटार, ओघळ. मान खाली घालून, एका दमात. काका फ्रीजपाशी गेले. दार उघडलं, बर्फात रुतवलेल्या बाटल्यांवर हात ठेवला. मग दार लावलं.

"बंद फ्रीजमदी किती वेळ हुती?"

"सव्वा तास."

"बारा ते सव्वा. सव्वा तास काय करत हुता?"

मी बोर्डाकडं बोट केलं.

"मी म्हणत हुते," काकू सुरू झाल्या, "मी हिवाळ्यापासनं म्हणत हुते, फ्रीजला रजा देऊ नका..." काकांनी हात वर केला. काकू गप्प झाल्या, हे मी पहिल्यांदाच बघितलं.

"लस खराब झाली असंल तर टोचून उपयोग न्हाई," काका म्हणाले. "मामा टोचून निर्धास्त होणार आन शेरडं परत मरणार. टोचणाऱ्याला खरं सांगाय पायजे. उद्या मी जातो वर." काकूंनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "डोळ्याला फडकं बांधतो. हिंगोलीला संगं नेतो."

मला वाटलं, साक्षीला नेतायत. वरची बोचकी सोडली नाहीत.

सोमवारी सकाळी मामा आले आणि आम्ही तिघं निघालो. डबा माझ्या मांडीवर, सकाळी परत ताजा बर्फ दाबलेला. मार्गासनी गेलं, वेल्हे आलं, तिथून पुढं उतरून तासभर चढ. काका काळा चष्मा, वर काकूंचं जुनं फडकं, एक हात मामांच्या खांद्यावर. मामांना त्यांनी गाडीतच सगळं सांगून टाकलं होतं. तेव्हापासून मामा सारखे डब्याकडं बघत होते.

वाड्यावर टोचणारा माणूस आधीच येऊन बसलेला. तरुण पोरगा, डोक्याला टोपी. शेरडं कुडाच्या आत कोंडलेली. मामांची बायको दाराशी उभी. काकांनी डबा खाली ठेवला आणि स्टँडवर बोलायचे त्या आवाजात बोलले. "लस शनिवारी बारा ते सव्वा बंद फ्रीजमदी हुती. फ्रीज आधी पण कोमट हुता. बंद मी केला हुता. बघा आन सांगा, टोचायची का न्हाई. न्हाई म्हणालात तर नवी आणायची जबाबदारी माझी."

पोरानं दोरी सोडली. बाटली काढली, गालाला लावली, उन्हाकडं धरून हलवली. दुसरी काढली. डब्यात हात घालून बर्फ चाचपला. मामांच्या बायकोनं पदर तोंडाशी धरला होता. मीही.

"थंड हाय," पोरगा म्हणाला. "बर्फ चांगला दाबलाय. सव्वा तासात काय व्हत न्हाई, पण चार तास गेलं असतं तर या उन्हात म्या हात लावला नसता. कुणी दाबला बर्फ?"

"हिंगोलीनं," काका म्हणाले.

पोराला काही कळलं नाही. त्यानं सुई काढली.

दुपारपर्यंत पासष्ट शेरडं झाली. मी डबा धरून उभी होते, झाकण उघडायचं, बाटली द्यायची, झाकण लावायचं. एका करडानं माझ्या साडीचा काठ चघळून ओला केला. मामांच्या बायकोनं चहा दिला, भाकरी आणि कांदा फडक्यात बांधून दिला, आणि माझ्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. काका कुडाजवळ उभे राहून एक-एक शेरडू मोजत होते, एका डोळ्यानं. दोनदा चुकले, दोनदा पहिल्यापासून मोजलं.

या मोजण्यात गाडी गेली. आम्ही उतरून रस्त्याला लागलो तेव्हा तिची धूळ खाली वळणावर दिसत होती. पुढची तीन तासांनी. जन्मात कंट्रोलरची गाडी चुकली नव्हती. मी घाबरून त्यांच्याकडं बघितलं. ते नुसते एका दगडावर बसले आणि शेजारच्या दगडाकडं बोट केलं. मी बसले.

मग म्हणाले, "हिंगोली, एक विचारू? तो सव्वा तास तुमी बोर्डाला भ्यायला हुता?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण सकाळी त्यांनी सगळ्यांसमोर 'बंद मी केला' म्हटलेलं ऐकलं होतं.

"नाही काका. तुम्हाला."

त्यांनी चष्मा काढला, फडक्यानं पुसला, परत घातला.

"फलाटावरनं मी चालायला लागलो की ड्रायव्हर लोक पटापटा इंजिन बंद करायची," ते म्हणाले. "चहा टाकून पळायची गाडीकडं. मला वाटायचं, वेळापत्रकाला भित्यात."

मी भाकरी सोडली, अर्धी त्यांना दिली. आम्ही खात बसलो. खालच्या खाचरात कुणीतरी भाताच्या रोपासाठी राब भाजून ठेवला होता, त्याची काळी राख वाऱ्यानं उडत होती.

"आन आता? वाटती का अजून भीती?"

"थोडी."

"थोडी ऱ्हाऊ द्या," कांद्यावर बुक्की मारत काका म्हणाले. "उत्रोली तर अजाबात भ्येत न्हाई. घरात कुणीतरी पायजे."

मी हसले. तोंडावर पदर न घेता, त्यांच्यासमोर, चांगली मोठ्यानं. मग तेही हसले, आणि डोळ्यात पाणी आलं म्हणून ऑपरेशनच्या डोळ्याला हात लावायला गेले. मी त्यांचा हात पकडून खाली घेतला.

"हात लावायचा न्हाई, काका," मी म्हणाले. "काय पण झालं तरी."